इंजिन बसतं ते पाण्यापायी

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरगडावर रेणुकादेवीचं दर्शन घेऊन दत्तशिखराकडे निघालेल्या भाविकांना वर्षानुवर्षं जीपनंच वर नेलं. तिकडे लातूर-औसा-निलंगा भागात काळी-पिवळी म्हटलं की डोळ्यांसमोर महिंद्राची कमांडर जीप यायची : समोरासमोरच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, टपावर पोती आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी दोन पोरं. एसटी जिथं दिवसातून एकदा जायची, तिथं जीप भरली की सुटायची. मराठवाड्याच्या दळणवळणाच्या इतिहासात या गाडीला मिळायला हवं तेवढं श्रेय अजून मिळालेलं नाही.

गाडीचं मूळ अमेरिकन लष्करी विलीज जीपचं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. पुढे पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेल इंजिनं आली. जुन्या जीपमध्ये मुख्यतः दोन घराणी सापडतात. एक डीआय, म्हणजे इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनावरून आलेलं. सावकाश फिरणारं, आवाज करणारं, पण ओढीला जबरदस्त. दुसरं फ्रेंच प्युजो कंपनीच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९०. ते २११२ सीसीचं, जास्त सफाईनं चालणारं, आणि सकाळी हीटर प्लग तापल्याशिवाय सुरू न होणारं. ट्रॅक्टरच्या इंजिनावर हात बसलेल्या तालुक्याच्या मिस्त्रीला डीआय उघडताना कधी बिचकावं लागलं नाही. ही गाडी खेड्यात टिकली त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

अशी इंजिनं ‘बसतात’ कशामुळं? ऑइल संपलं, फिल्टर फाटून धूळ आत गेली, ओढ्याच्या पुरात गाडी घातल्यावर हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, अशी कारणं असतातच. पण लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात पहिला संशय घ्यावा तो रेडिएटरमधल्या पाण्याचा.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं. माणसांनाच पाणी नव्हतं, तिथं गाडीला कोण विचारणार? इतर वर्षांतही रेडिएटरमध्ये जातं ते बहुधा बोअरचं जड पाणी. बेसाल्टच्या फटींतून शेकडो फूट खोलवरून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापलं की ते कठीण पांढऱ्या थराच्या रूपानं धातूला चिकटतात. वाफ होऊन उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मात्र आतच राहतात. ड्रायव्हर दर थांब्यावर वरून बाटलीभर ओततो, म्हणजे दर वेळी नव्या क्षारांची भर घालतो. काही वर्षांत रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजतात आणि लायनरभोवतीच्या पाण्याच्या वाटा अरुंद होतात. बाहेरून सोयाबीनच्या काढणीतला भुसा जाळीत अडकतो. त्यातच लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. उघड्या भांड्यात पाणी तिथं ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरच्या टोपणाची स्प्रिंग धड असेल, तर आतला दाब वाढून ही मर्यादा बरीच वर जाते. पण जुन्या जीपचं टोपण बहुधा कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचं, सैल बसलेलं असतं.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची पद्धत सगळीकडे रूढ आहे. ती चूक आहे. रेडिएटर बुजलेला असेल तर थर्मोस्टॅट काढून तो मोकळा होत नाही. उलट इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि खरा रोग झाकला जातो.

मीटरचा काटा तर भलताच दगा देतो. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. ड्रायव्हर निर्धास्त, आणि आत पिस्टन फुगत चाललेला. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. दोघांमधली केसाएवढी जागा संपली, ऑइलचा पापुद्रा फाटला, की इंजिन जाम.

अशा वेळी घाई केली तर नुकसान दुप्पट. टोपण लगेच उघडायचं नाही, कारण उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. तासभर थांबून, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघायचं. फिरलं तर आशा आहे. नाही फिरलं तर स्टार्टर मारत बसू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोजल काढून पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी ऑइलच्या चेंबरात उतरलं आहे हे नक्की.

हेड उतरलं की निदान डोळ्यांना दिसतं. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध जळून काळी पडलेली असते. मिस्त्री हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवतो आणि खालून फीलर गेजचं पातं सरकवून बघतो. पातं आत गेलं तर हेड वाकलंय, फेसिंग करावं लागणार. लायनरवर उभे ओरखडे असतील तर लायनर-पिस्टन-रिंगा नवीन, क्रँकला घाव असेल तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेरिंगं. हे सगळं जिल्ह्याच्या गावी लेथवाल्याकडे होतं. आजच्या कॉमन-रेल गाड्यांचा बिघाड लॅपटॉप लावल्याशिवाय कळत नाही. ही इंजिनं मात्र पुन्हा पुन्हा उघडून दुरुस्त व्हावीत अशीच बनलेली आहेत.

पण दुरुस्ती होऊन आलेल्या इंजिनाला तोच बुजलेला रेडिएटर जोडला, तर खर्च वाया गेला म्हणून समजा. रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घ्या, टोपण योग्य दाबाचं घ्या, वॉटर पंप आणि फॅन बेल्ट बघा. बोअरचं पाणी बंद करून बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट मिसळून भरा. गोठ्यामागं बंद पडलेली जीप ज्यांच्याकडे उभी आहे, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा तिचं हेड उतरवून पाहावं.