हीरो उठलाच नाही!

शुक्रवारी रात्री ऑफिसातून घरी येऊन तीन तासांचा सिनेमा बघायची ताकद कोणात असते? माझ्यात तर नाही. म्हणून सध्या मी हॉलीवूडच्या जुन्या, तास-सव्वा तासात आटोपणाऱ्या मर्डर मिस्टऱ्यांच्या नादी लागलेय. त्यातली माझी लाडकी म्हणजे 'द डेथ किस'. १९३२ सालच्या अखेरीस आलेली. सिनेमा बोलायला लागून जेमतेम पाच वर्षं झाली होती.

सुरुवातच भन्नाट! एक बाई भररस्त्यात एका माणसाला किस करते, गोळ्या सुटतात, तो कोसळतो. मग कॅमेरा मागे सरकतो आणि कळतं, अरे, हे तर शूटिंग! दिग्दर्शकाला हीरोचं मरण काही पटलेलं नाही. त्याला रीटेक हवाय. पण हीरो उठतच नाही. एवढ्या खोट्या गोळ्यांत एक खरी निघालेली असते.

खून स्टुडिओत, संशयित स्टुडिओतले आणि पुरावा म्हणजे त्याच शॉटची फिल्म. निर्माते छोटे, बजेट बेताचं. मग सेट कशाला बांधा? टिफनी स्टुडिओ हाताशी होता, तोच पडद्यावर 'टोनआर्ट' बनला. कॅमेरे, दिवे, प्रोजेक्शन रूम, सगळं आयतं! मालकाला खुनापेक्षा खर्चाची काळजी. (तुम्हाला तुमचा बॉस आठवला, तर मी जबाबदार नाही.)

काटकसर असली तरी हौस बघा. ब्लॅक अँड व्हाइट चित्रपटात मध्येच आगीच्या ज्वाळा आणि टॉर्चचा झोत रंगीत दिसतो. गुस्ताव ब्रॉक या कलाकाराने त्या फ्रेम्स चक्क हाताने रंगवल्या होत्या. सेकंदाला २४ फ्रेम्स. करा हिशेब!

पण मी अडकले ती बेला लुगोसीपाशी. फेब्रुवारी १९३१ मध्ये 'ड्रॅक्युला' आला आणि हा माणूस जगाची झोप उडवून गेला. इथे तो स्टुडिओचा मॅनेजर आहे. काम काय, तर दारात उभं राहून रोखून बघायचं, म्हणजे आपण त्याच्यावर संशय घेऊ. तपास करतो तो लेखक, म्हणजे डेव्हिड मॅनर्स, 'ड्रॅक्युला'तला गुळगुळीत नायक. तेव्हा मॅनर्सला आठवड्याला २,००० डॉलर मिळत होते आणि खुद्द ड्रॅक्युलाला ५००. सात आठवड्यांचे मिळून ३,५००, बस्स! ऑक्टोबर १९३२ मध्ये लुगोसीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अप्रेझलनंतर शेजारच्या टेबलावरचा आकडा चुकून कळल्यावर पोटात जे होतं ना, तेच मला हे वाचून झालं.

आता त्याचे सीन बघताना मी खुनी कोण ते विसरूनच जाते. चार वाक्यं असोत, नाहीतर नुसतं वळून बघणं असो, तो टंगळमंगळ करत नाही. मॅनर्स मात्र सगळा सिनेमाभर छान हसतो.

पुढे या सिनेमाच्या स्वस्तातल्या डीव्हीडी निघाल्या. कव्हरवर सगळ्यात मोठा चेहरा कोणाचा असायचा? दारात उभ्या राहणाऱ्या त्या मॅनेजरचा!