दोन्ही बाप्तिस्मे खरे

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आपापली वेगळी चूल मोडली आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. त्यांत बिशपांवाचून ज्यांचे चालत नाही असे अँग्लिकन होते, तसे बिशप कधी न मानलेले बाप्टिस्टही. अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही आल्या. तिथे कारभार सभासदच पाहत. नव्या चर्चने बिशप ठेवले, पण निर्णयात पाळकांबरोबर सभासदांनाही बसवले. खरी अडचण होती बाप्तिस्म्याची. अँग्लिकनांच्या मते देवाची कृपा माणसाच्या समजेआधी येते, म्हणून तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा. बाप्टिस्टांच्या मते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केल्याखेरीज तो बाप्तिस्माच नव्हे. नागपूरच्या योजनेने दोन्ही रीती ग्राह्य धरल्या. बाळाचा बाप्तिस्मा झाला तर मोठेपणी त्याने मंडळीसमोर विश्वास कबूल करायचा. नाहीतर लहानपणी नुसता आशीर्वाद आणि बाप्तिस्मा कळत्या वयात. ज्या पाळकाच्या विवेकाला शिशुबाप्तिस्मा पटत नाही त्याच्यावर सक्ती नाही. त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावे.

इथे पंथ एकमेकांकडून शिकले, असे मला वाटते. ही तडजोड झाली, शिकणे कसले, असा त्यावर आक्षेप येतो. पण तडजोड असती तर सगळ्यांसाठी दहा-बारा वर्षांचे मधले वय ठरवून मोकळे झाले असते, आणि ते कुणालाच पटले नसते. इथे दोन्ही रीती अखंड राहिल्या. समोरचा हट्टाने काय जपतो आहे, हे मात्र प्रत्येकाला मान्य करावे लागले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. गुजरातेतल्या ब्रेदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल नव्या चर्चच्या विरोधात लागला. हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्यांनी ठराव केला म्हणून गावोगावच्या मंडळ्या एक होत नाहीत. पण त्यावरून एवढेच ठरते की एकमेकांकडून शिकणे आणि एका कार्यालयाखाली येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीची वाट पाहायला नको. दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला अनेक चर्च ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करतात. त्या आठवड्यात शेजारच्या पंथाच्या पाळकाला बोलवावे, तुम्ही हे असेच का करता म्हणून विचारावे, आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.