चर्चमधील परिचारिका सेवा

ख्रिस्ती शुश्रूषासेवेला प्रशिक्षणाची शिस्त मिळाली ती जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे. पाळक थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये तेथे सेविकांसाठी संस्था उघडली; १८५१ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही तेथे शिक्षण घेतले. महाराष्ट्रात ही परंपरा मिशन रुग्णालयांतून रुजली. त्यांपैकी डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिरजेतील रुग्णालय १८९४ चे.

परिचारिकेला थेट चर्चच्या मंडळीत नेमण्याची पद्धत १९८० च्या दशकात शिकागो परिसरात ल्युथरन पाळक ग्रेंजर वेस्टबर्ग यांनी सुरू केली. १९९८ मध्ये अमेरिकन परिचारिका संघटनेने अशा परिचारिकेच्या कामाची मानके प्रसिद्ध केली. ही परिचारिका प्रामुख्याने आरोग्यशिक्षण व सल्ला देते, आजाऱ्यांच्या घरी जाते, त्यांना योग्य डॉक्टरांकडे पाठवते, स्वयंसेवक घडवते आणि रुग्णाला आध्यात्मिक आधारही देते.