हप्ता येतो सातबाऱ्याच्या नावावर

दर्यापूर तालुक्यात पावसाच्या खालोखाल चौकशी होते ती हप्त्याची. "पडला काय गा?" एवढं विचारलं की पुरतं, काय पडला ते सांगावं लागत नाही.

केंद्राची पीएम-किसान योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली. वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. ऑक्टोबर 2023 पासून राज्य सरकार नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढीच रक्कम आणखी देऊ लागलं. वर्षाचे झाले 12,000. एक एकरवाल्याला तेवढेच आणि वीस एकरवाल्यालाही तेवढेच.

हा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे विहीर खोदून ओलित करायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. कापूस, तूर, सोयाबीन पावसावर आणि मागून हरभरा जमिनीतल्या ओलीवर. अशा ठिकाणी पावसाकडे न बघता येणारा पैसा लहान असला तरी खुणावतो. 2024 मध्ये बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत 864 रुपये होती. म्हणजे एका हप्त्यात दोन पाकिटं आली. खत, फवारणी, निंदण आहेच उधारीवर.

पैसे थेट खात्यात येतात, मधला कुणी खात नाही, ही या पद्धतीची जमेची बाजू खरीच. पण खात्यापर्यंतची वाट सरळ नाही. ई-केवायसी हवी, खातं आधारला जोडलेलं हवं, जमिनीची नोंद पोर्टलवर जुळायला हवी. त्यात आयुष्यभर डवरा-विळा धरलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. सेवा केंद्रात अंगठा पुसून, ओला करून चार-चारदा टेकवायचा. 2023 मध्ये चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली, तेव्हा कुठे म्हाताऱ्या माणसांचं जरा सोपं झालं.

2023 च्या खरिपात कापूस-सोयाबीनचे भाव पडले, म्हणून सरकारने हेक्टरी 5000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, द्यायचं ठरवलं. त्या हंगामातल्या कापसाच्या हमीभावाने हे झाले पाऊण क्विंटलच्या आसपास! त्यासाठी अट घातली ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवायचा. रेंज नसेल तर नोंद नाही, नोंद नाही तर पैसे नाहीत. ओरड झाली तेव्हा सातबाऱ्यावरची पिकाची नोंदही धरायचं ठरलं. सामाईक खात्याचं दुखणं वेगळंच: एका भावाला पैसे हवेत, तर पुण्यातल्या दुसऱ्या भावाचं संमतीपत्र आणा.

मोठी अडचण मात्र अंगठ्याची नाही, नावाची आहे. पीएम-किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमीन नावावर असावी लागते. त्यानंतर वारसाहक्काने आलेली चालते, विकत घेतलेली नाही. आणि वऱ्हाडात मक्त्याने, बटईने शेत करणारे कमी नाहीत. बी त्यांचं, घाम त्यांचा, बोंडअळीचा धोकाही त्यांचाच. हप्ता मात्र अमरावतीत किंवा पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. मालक प्राप्तिकर भरत असेल तर तो बाद होतो, पण म्हणून कसणाऱ्याचा नंबर लागत नाही. ओडिशाने 'कालिया' योजना आणली तेव्हा त्यात बटईदार आणि भूमिहीन मजूरही घेतले होते, म्हणजे हे अशक्य नव्हतं. इथे मालक मक्त्याचा कागद करून देत नाही, उद्या कूळ लागेल ही धास्ती. आता योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे, आणि तोही जमिनीच्या नोंदीवरूनच निघतो.