अंगणातलं गरम कुंड

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना आमच्या ह्यांच्या कमरेत उसण भरली. पिस्कॅटवेत आम्हांला चौतीस वर्षं झाली, म्हणजे चौतीस हिवाळे ह्यांनी फावडं मारलंय. पण सदुसष्टाव्या वर्षी पाठ आपलं ऐकत नाही. आधी वाटलं, चार दिवसांत जाईल. शेक झाला, नारायण तेल झालं, ओव्याची पुरचुंडी झाली. दुखणं कमी-जास्त होत राहिलं, गेलं मात्र नाही. मग कोजागिरीला एका मित्रांकडे जमलो असताना कुणीतरी म्हणालं, "अरे, घरी हॉट टब घे. माझी पाठ त्यानंच सुधारली." झालं! तो विषय आमच्या घरात शिरला तो शिरलाच.

ह्याला कारणही होतं. ह्यांचं लहानपण भिवंडीचं. आजीचे गुडघे धरले की ती ह्यांना घेऊन एस.टी.नं वज्रेश्वरीला जायची आणि तानसा नदीकाठी अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायची. तिथलं देवीचं देऊळ चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर बांधलेलं. आजीच्या लेखी देवी आणि कुंड ह्यांत काही फरक नव्हता, दोन्हींनी गुण यायचा. तेव्हा गरम पाणी म्हणजे औषध, हे ह्यांच्या मनात लहानपणापासून पक्कं.

आपली मंडळी हॉट टबला सरसकट जकूझी म्हणतात. ते खरं तर एक आडनाव आहे. इटलीहून आलेले जकूझी बंधू कॅलिफोर्नियात बर्कलीला पंप तयार करत. त्यांच्यातल्या कँडिडो जकूझींचा मुलगा केनेथ ह्याला लहानपणीच संधिवात जडला. हॉस्पिटलात त्याला पाण्याचे उपचार मिळत. ते घरीही मिळावेत म्हणून वडिलांनी आंघोळीच्या टबात सोडायचा पंप बनवला, आणि १९५६ मध्ये तो विक्रीला आला. पंप टबातच बसवायची कल्पना त्याच घराण्यातल्या रॉय जकूझींनी १९६८ मध्ये आणली. म्हणजे ह्या वस्तूचा जन्म दुखण्यातूनच झालेला आहे. निळे दिवे, कारंजी आणि गाणी हे सगळं मागाहून आलं.

आम्ही एडिसनच्या एका होम शोमध्ये गेलो, ते नुसतं बघायला. तिथे एका विक्रेत्यानं ह्यांना गाठलं. सहाजणांचा टब, बासष्ट जेट, आणि भाव फक्त आजच्या दिवसापुरता! मी कोपरानं ढोसतेय तोवर ह्यांनी पाचशे डॉलर आगाऊ देऊनही टाकले. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

पुढच्याच आठवड्यात ह्यांच्या डायबिटीसची नेहमीची तपासणी होती. ह्यांनी मोठ्या उत्साहानं डॉक्टरीणबाईंना टबाची बातमी दिली. त्यांनी काही न बोलता ह्यांना पायमोजे काढायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारत गेल्या, "लागतंय?" दहातल्या चार ठिकाणी ह्यांना काही कळलंच नाही. "म्हणजे पाणी पोळतंय हे तुमचे पाय तुम्हांला सांगणार नाहीत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी पाठीबद्दल विचारलं. पायात मुंग्या येतात का? पाऊल उचलताना अडखळतं का? लघवीवरचा ताबा गेल्यासारखं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर झाल्यासारखं वाटतं का? ह्यांनी हळूच कबूल केलं की महिनाभर उजवं पाऊल जिना चढताना घासतंय. मला बोलले नव्हते!

एम.आर.आय. झाला. मणक्यातून बाहेर आलेल्या चकतीनं एक शीर दाबली जात होती. नशिबानं ऑपरेशनची वेळ आली नाही. फिजिओथेरपी लांबली, पण पावलात ताकद परत आली. टब त्या आठवड्यात घरी आला असता, तर हे रोज संध्याकाळी त्यात बसून "आज जरा बरं वाटतंय" म्हणत राहिले असते आणि पाऊल कायमचं लुळं पडलं असतं, ह्या विचारानं मला अजून धस्स होतं. पाचशे डॉलर काही परत मिळाले नाहीत. मी त्यांना डॉक्टरांची फी समजते.

गरम पाणी काय करतं आणि काय करत नाही, हे आम्हांला फिजिओथेरपिस्टनं नीट समजावलं. उबेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल होतात, पाणी शरीराला उचलून धरतं म्हणून मणक्यावरचा भार हलका होतो. इथल्या अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ मध्ये डॉक्टरांसाठी जी सूचनावली काढली, तिच्यात नव्यानं उद्भवलेल्या कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी शेक, मालीश असेच उपाय सुचवले आहेत. आपल्या आज्या काही अगदीच चुकत नव्हत्या. पण सरकलेली चकती गरम पाण्यानं जागेवर जात नाही, आणि जुनाट दुखण्यावर व्यायामाला पर्याय नाही. टबातून निघाल्यावर पाठ जेवढा वेळ मोकळी असते, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. टबाचा खरा उपयोग तो.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, ती अटी घालून. पाणी शंभर अंश फॅरनहाइटच्या वर न्यायचं नाही, एका वेळी पंधरा मिनिटं, आणि घरात कुणी नसताना उतरायचं नाही. धडधाकट माणसालाही १०४ अंश ही कमाल मर्यादा आहे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर पाण्यातून एकदम उठताना चक्कर येऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये, लहान मुलांना तर हे पाणी नकोच. आणि हो, हातात ग्लास घेऊन टबात बसायचं ते सिनेमात.

दुसऱ्या खेपेला आम्ही शहाणे झालो होतो. दुकानात जाऊन म्हटलं, भरलेल्या टबात बसून बघायचंय. बऱ्याच दुकानांत अशी सोय असते, आपण लाजतो एवढंच. साठी उलटल्यावर पोहण्याचा पोशाख घालून परक्या दुकानात पाण्यात उतरणं मलाही सोपं गेलं नाही. पण त्या अर्ध्या तासानं आमचा निर्णय पार फिरवला. पाय लांब करून पडायची ती ऐटबाज आरामखुर्ची चित्रात फार छान दिसते. मी पाच फूट एक इंच. तिच्यात पडले की माझे पाय तरंगायचे, पाठ जेटपासून सुटायची आणि सगळा वेळ स्वतःला धरून ठेवण्यातच जायचा. पाठ ताणायला टब कशाला हवा? एका खोल बैठकीत तर पाणी माझ्या हनुवटीशी आलं. हे टब सहा फुटी माणसांच्या मापानं बनवतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांत ठेंगण्या माणसानं आधी बसून बघावं. ह्यांची अडचण वेगळी होती. टबाची भिंत कमरेएवढी, उजवा पाय वर उचलून आत टाकायचा म्हणजे कसरतच. शेवटी आम्ही कमी उंचीचा, चौघांचा टब घेतला, आणि बाहेर रुंद पायऱ्या व धरायला भक्कम दांडा बसवून घेतला. त्या दांड्याइतका उपयोगी भाग अख्ख्या टबात दुसरा नाही.

जेटच्या संख्येला भुलू नका. पंपाचा जोर तेवढाच असेल, तर बासष्ट भोकांत वाटला गेल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? आमच्या टबात जेट निम्म्याहूनही कमी आहेत. पण कमरेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या तोंडाचे आहेत आणि त्यांचा जोर कमी-जास्त करता येतो. दुखऱ्या जागेवर पाण्याचा भडिमार नको असतो, हे बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

विजेचा हिशोब मी स्वतः केला, कारण घरची बिलं मी भरते. आमच्या टबात २७० गॅलन पाणी मावतं. पन्नास अंशांवरून शंभरावर न्यायला साधारण ३३ युनिट वीज लागते. साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणाऱ्या टबात हीटर एक किलोवॅटच्या आसपासचा, म्हणजे पाणी तापायला दीड दिवस. शिवाय त्यांतल्या बऱ्याच टबांत जेट जोरात चालू केले की हीटर बंद होतो, आणि जानेवारीच्या थंडीत पाणी बघता बघता कोमट होतं. २४० व्होल्टचा चार किलोवॅटचा हीटर तेच काम आठ-नऊ तासांत करतो. एकदा तापल्यावर खर्च उरतो तो उष्णता टिकवण्याचा, आणि ते बहुतेक झाकणावर अवलंबून असतं. झाकण जाड आणि घट्ट बसणारंच घ्या. आतल्या फोममध्ये पाणी मुरून ते जड झालं की बदला. २०२५ च्या जूनपासून न्यू जर्सीत विजेचे दर कसे वाढले ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

आमच्या कामाला आलेल्या एका माणसानं सांगितलं, "परमिट-बिरमिट काही लागत नाही, डेकवर ठेवून देऊ." बरं झालं, मी टाउनशिपला फोन केला. वायरिंगला परमिट लागतं, तपासनीस येऊन बघून जातो. गळती होताच वीज तोडणारा जी.एफ.सी.आय. लागतो, आणि वीज बंद करायची पेटी टबापासून निदान पाच फुटांवर पण नजरेच्या टप्प्यात असावी लागते. डेकचं म्हणाल, तर सहाजणांच्या टबातलं चारशे गॅलन पाणी म्हणजे ३,३०० पौंड, रिकामा टब आठशेच्या आसपास, वर सहा माणसं. पाच हजार पौंडांचा भार सात बाय सात फुटांवर, म्हणजे दर चौरस फुटाला शंभर पौंडांच्या वर. घरचा साधा डेक चाळीस पौंडांच्या हिशोबानं बांधलेला असतो. आम्ही जमिनीवर काँक्रीटचा ओटा घालून घेतला.

पाण्याच्या बाबतीत आळस नको. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनात फ्लेचरच्या जत्रेत विक्रीसाठी मांडलेल्या हॉट टबांच्या तुषारांतून लिजनेअर्सचा न्यूमोनिया पसरला. शंभरावर लोक आजारी पडले, चौघं दगावले. पाण्यात उतरणं तर सोडाच, लोक नुसते बाजूनं चालत गेले होते. उतारवयातल्या आणि डायबिटीस असलेल्या माणसांना हा धोका जास्त. गरम पाण्यात क्लोरीन भराभर संपतं, म्हणून चाचणीची पट्टी बुडवून ते निदान ३ पी.पी.एम. आणि पी.एच. ७ ते ७.८ मध्ये आहे ना, हे उतरण्यापूर्वी बघायचं. तेल लावून टबात उतरायचं नाही. ह्यांना हे पटायला महिना लागला. फिल्टर तुंबतो, फेस येतो. नारायण तेल नंतर.

जुना टब स्वस्तात मिळत असेल, तर तळाच्या जाळ्या आधी तपासा. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर ह्यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशाच टबात शोषणाऱ्या जाळीला चिकटून बुडाली. तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि सुरक्षित जाळ्या आल्या. नाती सुट्टीला आल्या की मी त्यांच्या वेण्या वर बांधल्याशिवाय टबाजवळ जाऊ देत नाही, आणि झाकणाला कुलूप असतं.

कराबद्दल पुष्कळजण विचारतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं उपचारासाठी टब बसवला, तर त्यामुळे घराची किंमत जेवढी वाढली तेवढी वजा करून उरलेला खर्च वैद्यकीय म्हणून दाखवता येतो. पण सगळा वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला तरच, आणि खर्चाची तपशीलवार वजावट घेत असाल तरच. आमच्या हाती काही लागलं नाही. ज्यांना घर भाड्याचं असल्यामुळे किंवा टाउनहाउसच्या असोसिएशनमुळे टब ठेवता येत नाही, त्यांनी फार हळहळू नये. होज लेनवरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये पोहण्याचा तलाव आहे. छातीएवढ्या पाण्यात चालणं पाठीला टबाहून जास्त मानवतं, असं फिजिओथेरपिस्टनंच सांगितलं.

आता संध्याकाळी सातला मी वेगळा थर्मामीटर पाण्यात टाकून बघते, कारण टबावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ओट्यावर मीठ टाकून बर्फ वितळवलेला असतो. हे दांडा धरून उतरतात, मी स्वयंपाकघरातलं टायमर पंधरा मिनिटांवर लावते. टायमर वाजला की हे म्हणतात, "अगं, दोनच मिनिटं." मी झाकण घेऊन उभी राहते. मग दिवाणखान्यात चटई पसरली जाते आणि मराठी बातम्या ऐकत व्यायाम सुरू होतो. गेल्या जानेवारीत मुलानं बर्फ उपसायचं यंत्र आणून दिलं. फावडं गराजमध्ये मागे, कार्पेटच्या गुंडाळीआड ठेवलंय. ते कुठे आहे हे ह्यांना सांगू नका.