खिम्यातून उगवलेली पोटरी

जेवता जेवता वाचत असाल तर आधी ताट संपवा, मग पुढे वाचा. कारण आपली सुरुवातच खिम्याने आहे.

१९५०च्या दशकात मॉस्कोमध्ये अलेक्झांडर स्तुदित्स्की नावाचे एक शास्त्रज्ञ एक भलताच प्रयोग करत होते. उंदराला भूल द्यायची, त्याच्या पोटरीचा स्नायू बाहेर काढायचा, कात्रीने त्याचे मिलिमीटर-मिलिमीटरचे तुकडे करायचे, तो सगळा लगदा होता त्याच जागी परत भरायचा आणि वरून कातडी शिवून टाकायची. तुम्ही म्हणाल, संपला बिचाऱ्याचा पाय! पण काही आठवड्यांनी उघडून पाहावं, तर तिथे नवा स्नायू. मूळच्यापेक्षा बारीक, कमजोर, पण आखडणारा आणि ओढणारा, खराखुरा स्नायू. पुढे ब्रूस कार्लसन या अमेरिकन संशोधकाने हाच उद्योग करून पाहिला. निकाल तोच.

मग हा नवा स्नायू बनवला कोणी?

स्नायू लांबच लांब तंतूंचा बनलेला असतो. एकेक तंतू फार तर केसाइतका जाड, पण लांबीला काही सेंटिमीटर भरू शकतो. आणि हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी! शाळेच्या पुस्तकात पेशीला एक केंद्रक असतं असं शिकवतात ना, इथे एका पेशीत शेकडो केंद्रकं असतात. एवढी अवाढव्य पेशी स्वतःचे दोन भाग करून वाढू शकत नाही. ती मेली की मेली. म्हणजे नवे तंतू दुसऱ्याच कुणीतरी बनवायला हवेत.

हा दुसरा कोणीतरी १९६१ साली सापडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना तंतूच्या कडेला चिकटून बसलेली एक चिमुकली पेशी दिसली. प्रत्येक तंतूभोवती एक पातळ वेष्टन असतं, उशीला अभ्रा असतो तसं. ही पेशी उशी आणि अभ्रा यांच्या मधल्या फटीत दडलेली होती. साध्या सूक्ष्मदर्शकातून ती तंतूचाच भाग वाटायची, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आली नव्हती. मॉरोंनी तिला सॅटेलाइट सेल, म्हणजे उपग्रह पेशी असं नाव दिलं आणि जपूनच एक तर्क मांडला: ही पेशी दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली असावी. तर्क अगदी बरोबर निघाला. पुढे २०११ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी उंदरांमधल्या या पेशी मुद्दाम काढून टाकल्या आणि मग स्नायूला इजा केली. नवा स्नायू काही आलाच नाही.

एरवी या पेशी करतात काय? झोपा काढतात! वर्षानुवर्षं. त्यांना जागं व्हायला काहीतरी मोडावं लागतं.

समजा, कबड्डीत तुमच्या मांडीवर कुणाचा तरी गुडघा जोरात बसला. कातडी फाटली नाही, रक्त आलं नाही, नुसता मुका मार. आत मात्र तंतू फाटलेत, बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात. म्हणून तर ते काळंनिळं दिसतं. काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. पाठोपाठ मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी येतात आणि मेलेल्या तंतूंचा चट्टामट्टा करायला लागतात. मांडी सुजते, ठणकते, आणि आजी म्हणते, 'काय रे हे, केवढं सुजलंय!' पण आत साफसफाई चालू असल्याची ती खूण आहे. गंमत पुढेच आहे. दोन-तीन दिवसांनी याच खादाड पेशी रंग बदलतात. आधी पाडापाडीला चिथावणी देत होत्या, आता बांधकामाला मदत करायला लागतात. त्यांना अडवलं तर दुरुस्ती रखडते, हे प्रयोगांतून दिसलं आहे.

एवढ्यात उपग्रह पेशी जाग्या झालेल्या असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. त्यातल्या बऱ्याच एकमेकींना चिकटून, एकजीव होऊन नवा तंतू बनवतात. जुना तंतू मेला तरी तो अभ्रा बहुधा शाबूत राहतो आणि नवा तंतू त्याच्याच आत, त्याच दिशेने तयार होतो. आणि थोड्या पेशी काय करतात माहीत आहे? कामात न पडता पुन्हा फटीत जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. ही युक्ती मला सगळ्यात आवडते. सगळ्याच जणी कामाला लागल्या असत्या, तर दुसऱ्यांदा लागल्यावर आपण काय केलं असतं?

नवा तंतू ओळखायचा कसा, तेही सांगते. जुन्या तंतूत केंद्रकं कडेला असतात, नव्यात ती काही काळ मधोमध रांगेत असतात. स्नायूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जाणकार सांगतात, 'इथे नुकतीच डागडुजी झाली आहे.'

आता परत खिम्याकडे चला. कार्लसन यांनी तो लगदा वेळोवेळी तपासला, तेव्हा त्यांना दिसलं की नवा स्नायू सगळीकडे एकदम येत नाही. आधी कडेला येतो, मग हळूहळू मध्याकडे सरकतो. का बरं? कारण आजूबाजूच्या रक्तवाहिन्या कडेकडून आत वाढत होत्या. त्या जिथवर पोचल्या, तिथवर स्नायू उगवला. जिथे अजून रक्त नव्हतं, तिथे नुसता मेलेला लगदा. निरोगी स्नायूत पाहिलं तरी बहुतेक उपग्रह पेशी अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या शेजारीच मुक्काम ठोकून असतात. रक्तवाहिन्या त्यांना वाढीचे रासायनिक निरोप देतात आणि या पेशीही उलट निरोप पाठवून नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात.

म्हणूनच स्नायूंच्या या संशोधनात रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन, हिरिरीने उतरले आहेत. त्यांच्या विद्येचा एक मोठा गुरू म्हणजे ॲलेक्सिस कॅरल. १८९४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर चाकूहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ते दगावले. फाटलेली शीर शिवायची कशी, हे तेव्हाच्या नामांकित सर्जनांनाही येत नव्हतं. विशीतल्या कॅरलच्या मनाला ते फार लागलं. ल्यों हे रेशमाचं गाव. कॅरल तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुया आणि रेशमी धागा घेऊन चक्क टाके घालायला शिकला.

रक्तवाहिनी शिवण्यात खरी पंचाईत अशी की तिचं तोंड गोल आणि लिबलिबीत असतं. टाका घालायला गेलं की सुई समोरच्या भिंतीतही घुसते आणि नळी बंद! कॅरलने काय केलं, दोन्ही टोकं समोरासमोर आणून गोलाच्या कडेला सारख्या अंतरावर तीन टाके घातले आणि तिन्ही धागे तीन बाजूंना ताणले. गोलाचा झाला त्रिकोण. त्रिकोणाच्या बाजू सरळ, मग एकेक बाजू शिवायची. हवं तर रबरी नळीचे दोन तुकडे घेऊन मोठ्या माणसाच्या मदतीने करून पाहा, लगेच पटेल. ही पद्धत त्याने १९०२ साली जाहीर केली आणि १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा तो काम करत होता न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये. हो, तीच संस्था, जिथे पुढे मॉरोंना ती झोपाळू पेशी दिसली.

या शिवणकामाने पुढे काय साधलं ते पाहा. १९६२ साली अमेरिकेत बॉस्टनजवळ एक १२ वर्षांचा मुलगा मालगाडीला लटकायला गेला आणि त्याचा उजवा हात खांद्याजवळ तुटला. रोनाल्ड मॉल्ट या तरुण सर्जनच्या चमूने रक्तवाहिन्या, हाड, स्नायू जोडले. पांढराफटक पडलेला हात पुन्हा गुलाबी झाला. नसा काही महिन्यांनी जोडल्या आणि कालांतराने हातात हालचाल आली. पूर्ण तुटलेला मोठा अवयव माणसाला परत जोडण्याची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया मानतात. (गाडीला लटकू नका, हे वेगळं सांगायला हवं का?)

अशा वेळी सर्जनचं सगळं लक्ष घड्याळाकडे असतं. रक्त तुटलं की स्नायू साधारण चार ते सहा तास तग धरतो. नंतर तो मरायला लागतो. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे उशिरा रक्त सुरू केलं तर कधीकधी नुकसान वाढतं! ऑक्सिजन एकदम येतो, त्यातून घातक रसायनं तयार होतात, स्नायू भराभरा सुजतो. स्नायूभोवतीचं आवरण घट्ट, ते काही ताणत नाही. मग आतला दाब एवढा वाढतो की आलेलं रक्त पुन्हा अडतं. तेव्हा सर्जन ते आवरण लांबलचक चिरून मोकळं करतात.

शीर शिवून झाली, रक्त वाहू लागलं, तरी एकाचा पाय सुधारतो आणि दुसऱ्याचा नाही, असं का? याचं उत्तर शोधायला संशोधक उंदराला भूल देऊन त्याच्या मांडीतली मुख्य धमनी बांधतात आणि पुढचे काही आठवडे पायातलं रक्त लेझरने मोजत राहतात. प्रयोगशाळांमध्ये काळ्या उंदरांची एक जात आहे आणि पांढऱ्यांची एक. काळ्यांचा पाय बहुतेक वेळा सुधारतो. पांढऱ्यांची बोटं, कधी पाऊलच गळून पडतं. शस्त्रक्रिया तीच, बांधलेली धमनी तीच! शोध घेतल्यावर कळलं की काळ्यांच्या पायात जन्मापासूनच रक्ताला जायला आडवाटा जास्त असतात. शिवाय त्यांच्या स्नायूपेशी रक्ताविना जास्त वेळ टिकतात. म्हणजे नुसती वाहिनी मोकळी करून भागत नाही, स्नायूही दमदार लागतो. पायाच्या धमन्या आकसलेल्या माणसांची थोडं चाललं की पोटरी भरून येते. त्यांना डॉक्टर औषधांबरोबर मुद्दाम चालायला लावतात ते याचसाठी. नेमाने चालून स्नायू तयार होतो, तसं दुखल्याशिवाय जास्त अंतर चालता येतं.

आता एक काम तुमच्याकडे. गावाकडे साप चावला की अजूनही हाताला किंवा पायाला करकचून दोरी आवळतात. विष त्याने भरवशाने थांबत नाही, पण खालच्या स्नायूचं रक्त मात्र तुटतं आणि ते चार ते सहा तासांचं घड्याळ सुरू होतं. सापाच्या विषातून बचावलेल्या माणसाचा पाय दोरीने जाऊ शकतो. म्हणून घरी, शेजारी, मामाच्या गावी सगळ्यांना सांगा: दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला धीर द्या, पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं औषध, म्हणजे प्रतिविष, तिथे मिळतं.