राज्ये बदलली, वेठ कधी संपली?

मध्ययुगीन समाजात माणूस कोणते काम करणार, कुणाला काय देणे लागणार आणि कुणापुढे वाकणार, हे बहुतांशी त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले असे. आधुनिक समाजात हे नाते निदान तत्त्वतः तरी तुटते. कायदा व्यक्तीला ओळखतो, श्रमाला मोल मिळते आणि नको असलेले काम नाकारता येते. एका व्यवस्थेतून दुसरीत जाण्याला संक्रमण म्हणतात, आणि या वाटेवर जुने नाते उघडपणे मोडून पडते त्या टप्प्याला क्रांती. राजवाड्यावरचा झेंडा बदलणे हे तिचे लक्षण असेलच असे नाही. उत्तर कोकणाचा इतिहास ही गोष्ट फार स्पष्टपणे दाखवतो.

भिवंडी तालुक्यातले कोन हे गाव उल्हास नदीच्या खाडीकाठी, भिवंडी–कल्याण रस्त्यावर आहे. पलीकडच्या काठावर कल्याणचा दुर्गाडी किल्ला. कल्याण हे प्राचीन बंदर. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. दूरदेशीचा व्यापार, नाणी, सावकारी हे सगळे या काठावर दोन हजार वर्षांपूर्वीच होते. तरीही समाज आधुनिक झाला नव्हता. पैसा आला की जुनी व्यवस्था आपोआप विरघळते हा समज इथे टिकत नाही.

ती व्यवस्था उभी होती जमिनीवर. भाताची खाचरे, खारे पाणी अडवणारे बांध, मिठागरे आणि मासेमारी यांवर आगरी, कोळी, कुणबी जगत. गावात पाटलाचे वतन, हिशेबाला कुलकर्णी, आणि सर्वांत तळाशी महार वतन. त्या वतनात निरोप पोचवण्यापासून सरकारी कामाच्या धावपळीपर्यंत सगळे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात असे. मोबदल्याशिवाय करून घेतलेले काम म्हणजे वेठ. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी भारतीय सरंजामशाहीचे दोन टप्पे सांगितले. राजाने आपल्या मांडलिकांमार्फत चालवलेली ती ‘वरून आलेली’, आणि गावातच शेतकरी व राज्यसत्ता यांच्यामध्ये जमीनदारांचा थर तयार झाला ती ‘खालून आलेली’. इतिहासकार हरबन्स मुखिया यांनी १९८१ मध्ये यावर नेमकी हरकत घेतली. भारतीय शेतकऱ्याकडे स्वतःचे बैल आणि अवजारे होती, तो युरोपातल्या भूदासासारखा मालकाच्या शेताला बांधलेला नव्हता, मग याला सरंजामशाही म्हणावे का? हरकत वजनदार आहे. पण युरोपात उमरावाला जे बळाने करावे लागे, त्यातले पुष्कळसे काम इथे जातच करून टाकत होती, हेही विसरता येत नाही.

या काठावर सत्तांतरे अनेक झाली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. पुढे मोगल आले, पुन्हा मराठे आले, १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले, सालबाईच्या तहानंतर ते मराठ्यांकडे परत गेले आणि १८१७ च्या पुणे कराराने उत्तर कोकण कायमचे इंग्रजांच्या हाती गेले. यांतली काही राज्ये रयतेला सुखाची गेली, काही दुःखाची. शिवकाळातली जमीनमोजणी आणि वतनदारांना घातलेला लगाम यांचे मोल मोठे आहे. पण जन्माने ठरलेली कामे कोणत्याच सत्तांतराने सुटली नाहीत. राजकीय बदल आणि सामाजिक क्रांती यांतला फरक तो हाच.

१ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून कल्याणला पोचली. त्याच सुमारास मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. रेल्वे, मोजणी, कोर्ट आणि स्टँपपेपर ही आधुनिक राज्याची साधने एकापाठोपाठ आली. जमीन मोजली गेली, ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली. त्याचा परिणाम मात्र अनपेक्षित झाला. निरक्षर कुळाच्या अंगठ्यावर जमिनी सावकाराकडे गेल्या आणि जुनी गुलामी नव्या कागदाने पक्की झाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात हे सर्वांत क्रूरपणे घडले. लग्नासाठी चार पैसे उचलले की वारली आदिवासी तरुण सावकाराचा ‘लग्नगडी’ होई. तो कर्ज फेडण्यासाठी राबे, पण कर्ज फिटत नसे, आणि त्याच्याबरोबर बायकोही राबे. न्यायालये उघडी होती, गाड्या वेळेवर धावत होत्या, आणि हे सारे मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर चालू होते.

ते मोडले १९४५ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. काही वारली तिला आले होते. किसान सभेचे कार्यकर्ते शामराव व गोदावरी परुळेकर त्यानंतर वारल्यांच्या भागात गेले, आणि मे महिन्यात झरी गावी हजारो वारल्यांची सभा झाली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, रोज बारा आणे मजुरी मिळाल्याखेरीज मालकाच्या शेतावर जायचे नाही, असे तिथे ठरले. कायदा नवा नव्हता, सरकारही तेच होते. बदलला तो राबणाऱ्यांचा निश्चय. काही आठवड्यांत लग्नगड्यांची पद्धत कोसळली. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले, तरी वेठ परत आली नाही. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकिकत आली आहे. क्रांती म्हणजे काय हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

ही जाग एकाएकी आलेली नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेताना आंबेडकरांनी नागरी हक्काचा प्रश्न थेट कृतीतून मांडला. पुढच्याच वर्षी त्यांनी महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. अलिबागजवळ चरी परिसरातील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची, म्हणजे गावच्या सारावसुलीचा हक्क असलेल्या जमीनमालकांची, शेती कसायला नकार दिला. जमीन पडीक राहिली, घरे उपाशी राहिली, पण संप मोडला नाही.

या सगळ्यातून आलेले फळ म्हणजे कूळकायदा. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या तारखेला जमीन कसणारे कूळ, काही अपवाद वगळता, कायद्याने तिचा खरेदीदार मानले गेले. किंमत कायद्याच्या कलम ‘३२ ग’ खाली ठरायची, हप्ते फेडले की ‘३२ म’चे प्रमाणपत्र मिळायचे. पळवाटाही वापरल्या गेल्या. अनेक मालकांनी आधीच कुळांकडून जमीन ‘राजीखुशीने’ सोडल्याचे लिहून घेतले, आणि ज्यांचे नाव वहिवाटीत कधी लागलेच नव्हते ते भूमिहीन ते भूमिहीनच राहिले. तरीही ज्याच्या आजोबांनी मालकाच्या खळ्यावर अर्धे भात ओतले, त्याच्या नावाचा सात-बारा निघू लागला. वतनी कामांचा पाया काढणारे कायदेही याच सुमारास झाले.

फ्रान्सशी तुलना केली तर गोष्ट आणखी उलगडते. १४ जुलै १७८९ ला बास्तीय पडले, ही तारीख शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण सरंजामी हक्क रद्द करण्याचा ठराव झाला तो ४ ऑगस्टच्या रात्री, आणि त्यामागे खेड्यापाड्यांत जमीनदारांची दप्तरे जाळणाऱ्या शेतकऱ्यांचा रेटा होता. फ्रान्समध्ये जे काही आठवड्यांत कागदावर आले त्याला इथे शंभर वर्षे लागली, आणि ते शाळा, तळे, संप, सभा व विधिमंडळ असे तुकड्यातुकड्यांनी आले. रक्तपात कमी झाला म्हणून या बदलाला क्रांती न म्हणणे चूक ठरेल. मात्र तुकड्यांनी आल्यामुळे ही क्रांती अनेक ठिकाणी अपुरी राहिली, हेही खरे.

अपुरेपण भिवंडीतच दिसते. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर इथे स्थिरावले, १९३० च्या दशकात हातमागांच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर तर गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर इकडे वळले. संघटित गिरणी कामगाराकडे पगारपत्रक, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी होता. यंत्रमागावर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला कामगार बारा तासांच्या पाळीत, विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी घेऊन, अनेकदा मालकाकडून घेतलेल्या उचलीच्या ओझ्याखाली काम करत आला आहे. यंत्र आधुनिक, पण उचलीचे नाते जुने. यंत्र बसले म्हणजे समाज बदलला, असे म्हणूनच मानता येत नाही.

शेताकडेही चित्र पालटले आहे. कूळकायद्याने मिळालेल्या भातखाचरांवर तालुक्यात गोदामे आणि इमारती उभ्या राहिल्या. कोनगावच्या नावाचे स्थानक ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या आराखड्यात आहे. ग्रामपंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आहेत. ज्या समाजात स्त्रीचे नाव सात-बाऱ्यावर क्वचितच लागे, तिथे हा बदल लहान नाही. गोदामातला हमाल आणि कंत्राटी कामगार मात्र अनेकदा नेमणूकपत्राविना राबतो, आणि त्याच्यासाठी १ एप्रिल १९५७ सारखी तारीख अजून उगवलेली नाही.

कृषक दिनाच्या वेळी ज्यांनी जाणत्या वयात बापाच्या नावावर जमीन होताना पाहिली, ती माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोनपासून तलासरीपर्यंत ज्या घरांत ‘३२ ग’चे कागद, जुने फेरफार किंवा वेठीच्या आठवणी शिल्लक आहेत, त्यांनी त्या आताच लिहून ठेवाव्यात.